उपासमारीला श्रेय कशाला?

जॅझचा विषय निघाला की आपल्याकडच्या रसिकांच्या गप्पांत एक वाक्य ठरलेलं असतं. ‘ती माणसं उपाशी होती, म्हणून तसं वाजवत होती.’ मग चार्ली पार्करचं ३४ व्या वर्षीचं मरण येतं, बिली हॉलिडेची अटक येते, चार्ल्स मिंगसचा संताप येतो. मिंगसवर तर आपला विशेष जीव, कारण त्याची राख त्याच्या बायकोनं भारतात येऊन गंगेत सोडली. इथवर हरकत घेण्यासारखं फारसं नाही. गप्पांना थोडी फोडणी लागतेच. पण गाडी तिथे थांबत नाही. जॅझ विद्यापीठात गेलं, वादकांना शिष्यवृत्त्या नि पगार मिळायला लागले आणि त्यातली धग गेली, असं पुढे सांगितलं जातं. आणि तिथून उडी थेट आपल्या अंगणात: वृद्ध कलावंतांचं मानधन, संस्थांना मिळणारं अनुदान, ‘सरकारी पैशानं कला आळसावते’ वगैरे. न्यूयॉर्कमधल्या मेलेल्या वादकांच्या खांद्यावर बंदूक ठेवून इथल्या जिवंत ढोलकीवाल्याचं मानधन टिपायचं, असा हा नेम आहे.

हा युक्तिवाद निर्दय आहे हे उघडच आहे. पण निर्दय गोष्टीही कधीकधी खऱ्या असतात, त्यामुळे तेवढ्यानं भागत नाही. माझं म्हणणं असं की तो मुळात खोटा आहे, आणि त्याचा खोटेपणा पाहायचा तर जॅझमधल्या बेसवादकाचा धंदा पाहावा.

बेसवादकच का? कारण त्याच्याभोवती आख्यायिकेचं धुकं सगळ्यात कमी असतं. ट्रम्पेटवाला पुढे उभा राहतो, फोटो त्याचा निघतो, टाळ्या त्याला पडतात. सॅक्सोफोनवाला आपलं वाजवून झालं की बारकडे जाऊन एक घोट घेऊन येतो. बेसवाला मात्र पहिल्या मात्रेपासून शेवटच्या मात्रेपर्यंत जागचा हलत नाही. तो थांबला तर सगळं घर खाली येतं. वाद्य माणसापेक्षा उंच. ते घेऊन सबवेचे जिने उतरायचे, टॅक्सीवाल्यांच्या विनवण्या करायच्या, रात्री दोन वाजता तेच सगळं उलट्या क्रमानं. चांगले पिकअप येण्याआधी ड्रमच्या वर ऐकू जायचं तर जाड आतड्याच्या तारा जीव खाऊन ओढाव्या लागत. बोटांना फोड येत, फुटत, घट्टे पडत. आणि या सगळ्याचे पैसे? क्लबात रात्रीचे, स्टुडिओत सत्राच्या ठरलेल्या दरानं. पुढे ती तबकडी किती खपली याच्याशी त्याचा सहसा संबंध नाही.

‘काइंड ऑफ ब्लू’ हे उपासमारीला श्रेय देणाऱ्या मंडळींचं आवडतं उदाहरण, तेव्हा तिथूनच सुरुवात करू. ‘सो व्हॉट’ या पहिल्याच रचनेत चाल बेस सांगतो आणि बाकीचे दोन स्वरगुच्छांत होकार भरतात. बेसवर होता पॉल चेंबर्स, वय २३. आता ही १९५९ सालची तबकडी उपाशी माणसांनी केली का? ती केली एका चालू बँडनं, ज्याच्या नायकाचा, माइल्स डेव्हिसचा, देशातल्या मोठ्या कंपनीशी करार होता, आणि ती ध्वनिमुद्रित झाली एका जुन्या चर्चच्या इमारतीतल्या उत्तम स्टुडिओत. मंडळी नियमित एकत्र वाजवत आली होती, म्हणून एकमेकांचा श्वास ओळखत होती. भूक आली ती नंतर. रचनांवर नाव एकट्या माइल्स डेव्हिसचं, त्यामुळे चेंबर्सच्या वाट्याला त्या सत्रांचे पैसे. १९६९ च्या जानेवारीत तो क्षयानं गेला, वय ३३. दारू आणि हेरॉइन यांचा वाटा होताच, तो मी लपवत नाही. पण ज्या तबकडीला एकट्या अमेरिकेत पन्नास लाखांच्या खपाचं प्रमाणपत्र मिळालं, तिची पहिली ओळ वाजवणारा माणूस क्षयानं मरतो, यात कलेला पोषक असं नेमकं काय होतं?

आता मिंगस. त्याचा संताप हा या पक्षाचा हुकमी एक्का आहे. मिंगस लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागात वाढला आणि आधी चेलो वाजवत होता. काळ्या मुलाला चेलो घेऊन कुठल्याही सिंफनी वाद्यवृंदात जागा मिळणार नाही, हे त्याला मित्रानं सांगितलं आणि तो बेसकडे वळला. पुढे न्यूयॉर्क फिलहार्मोनिकमधून निवृत्त झालेल्या हर्मन रायन्शागेन यांच्याकडे त्यानं पाच वर्षं रीतसर तालीम घेतली. म्हणजे रस्त्यावर उपाशीपोटी उगवलेली ही प्रतिभा पाच वर्षं फी भरून शिकत होती. काम मिळेना तेव्हा तो टपाल खात्यात नोकरीला लागला. त्या टपालाच्या पिशव्यांतून एकही रचना बाहेर आली नाही.

१९५१ मध्ये तो रेड नॉर्व्होच्या त्रिकुटाबरोबर न्यूयॉर्कला आला. टीव्हीवर कार्यक्रम ठरला, आणि ऐन वेळी त्याच्या जागी गोरा बेसवादक उभा केला गेला. न्यूयॉर्कच्या युनियनचं कार्ड नव्हतं म्हणून, असं नॉर्व्हो सांगत असे. मिंगसनं त्याचा अर्थ रंगाशी लावला आणि त्रिकूट सोडलं. दोघांपैकी कुणाचंही खरं माना. संतापाला पत्ता होता. तो स्वभावातून आपोआप झिरपत नव्हता.

पण खरी हकिकत पुढची आहे आणि ती जरा सविस्तर सांगायला हवी, कारण इतकी स्पष्ट साक्ष क्वचित मिळते.

१२ ऑक्टोबर १९६२, न्यूयॉर्कचा टाउन हॉल. मिंगसनं आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम अंगावर घेतलं होतं: तीसेक वादकांच्या ताफ्यासाठी लिहिलेली दीर्घ रचना. कार्यक्रमाची तारीख रेकॉर्ड कंपनीनं काही आठवडे अलीकडे ओढली. तालमींना वेळ उरला नाही. प्रत्येक वादकाच्या हातात त्याचं पान पडायला हवं आणि पानं तर तयारच नाहीत. दरम्यान मिंगसच्या घरी ट्रॉम्बोनवादक जिमी नेपर काम करत बसला होता. त्यानं आणखी भार घ्यायला नकार दिला आणि मिंगसनं त्याच्या तोंडावर ठोसा मारला. दात मोडला, नेपरच्या वरच्या पट्टीचे स्वर गेले, प्रकरण कोर्टात गेलं. तारीख कंपनीची, मूठ मिंगसची. दुसरीचं ओझं पहिलीवर टाकायची माझी इच्छा नाही. कार्यक्रमाच्या रात्री पडदा उघडला तेव्हा रंगमंचावरच टेबल मांडून नकलनवीस बसले होते आणि एकीकडे वादन चालू असताना दुसरीकडे पुढची पानं उतरवत होते. लोक आले होते तबकडीसाठी होणारं वादन ऐकायला, आणि त्यांना पाहायला मिळाली अर्धवट तालीम. सुरू, थांब, पुन्हा सुरू. मध्यरात्र होत आली तसे रंगमंच कामगार आवराआवरीला लागले. वादकांनी एलिंग्टनची एक सगळ्यांना पाठ असलेली चीज धरली आणि तिच्यावर पडदा पडला.

टंचाईतून कलेला धार येते म्हणतात ना? ही घ्या टंचाई. वेळेची, तालमीची, कागदाची, नकलनविसांच्या मजुरीची. त्यातून जे निघालं ते त्या रात्रीच्या कुणालाही आनंदानं आठवलेलं नाही.

तीच रचना ‘एपिटाफ’ या नावानं ३ जून १९८९ ला न्यूयॉर्कच्या अ‍ॅलिस टली हॉलमध्ये संपूर्ण वाजली. दोन तासांहून मोठी, चार हजारांवर मात्राखंड, गुंथर शुलर यांच्या दिग्दर्शनाखाली. मिंगसला जाऊन दहा वर्षं झाली होती. मधल्या काळात मिंगस नव्हता, त्याची भूक नव्हती, त्याचा राग नव्हता. काय होतं? हस्तलिखित शोधून जुळवणारा एक अभ्यासक, सुवाच्य पानं उतरवून घ्यायला फोर्ड फाउंडेशनचं अनुदान, आणि तालमीला वेळ. टाउन हॉलमध्ये नेमक्या याच गोष्टी नव्हत्या. आता ज्यांना अनुदान म्हटलं की कलेच्या अंत्यविधीची आठवण येते, त्यांनी ही दोन सालं शेजारी शेजारी ठेवून पाहावीत.

यावर एक उत्तर मला माहीत आहे. ‘पण रचना लिहिली ती तर दारिद्र्यातच ना?’ ठीक. मग दारिद्र्यातली दुसरी नोंद पाहू. २२ नोव्हेंबर १९६६, ग्रेट जोन्स स्ट्रीटवरचा ५ नंबर. मिंगसला तिथल्या एका मजल्यावर शाळा काढायची होती, संगीताची, कलांची आणि चक्क जिम्नॅस्टिकची. भाडं थकलं, घर खाली करवलं. थॉमस राइकमन या तरुण दिग्दर्शकानं त्या काळाचा माहितीपट केला आहे. त्यात पसाऱ्यात बसून बोलणारा मिंगस दिसतो, आजूबाजूला घुटमळणारी त्याची छोटी मुलगी दिसते, आणि शेवटी शहराची माणसं येऊन सामान खाली नेतात. खोकी, कागद, वाद्यं. मिंगसला रडू आवरत नाही. ते पाहून पुष्कळांना ‘काय हा कलावंत!’ असं भरून येतं. मला त्यात एक न झालेली शाळा दिसते. साठच्या दशकाच्या त्या उत्तरार्धात मिंगस जवळजवळ गप्प झाला. सिद्धांत खरा असता तर त्याची सर्वोत्तम निर्मिती याच वर्षांतली असायला हवी होती. ती आली १९७१ पासून, जेव्हा गुगेनहाइम फेलोशिप मिळाली, बफेलोच्या विद्यापीठात शिकवायला बोलावणं आलं, कोलंबिया कंपनीनं मोठा वाद्यमेळ दिला. त्यातून निघालेल्या ‘लेट माय चिल्ड्रन हिअर म्युझिक’ला तो स्वतः आपलं सर्वोत्तम काम मानत असे.

आता ‘बाजार’. चांगला वादक असेल तर मोठ्या शहरात त्याला काम मिळतंच, असं म्हणणाऱ्यांनी न्यूयॉर्कच्या पोलिसांचं कार्ड ऐकलेलं नसतं. १९४० पासून १९६७ पर्यंत त्या शहरात दारू मिळते अशा ठिकाणी वाजवायचं, गायचं, वाढायचं, काहीही करायचं तर कॅबरे कार्ड लागे. बोटांचे ठसे द्यायचे, ठरावीक मुदतीनं नूतनीकरण करायचं. जुना एखादा गुन्हा निघाला, अमली पदार्थ सापडला, की कार्ड जप्त. मग तुम्ही तबकडी करू शकता, मोठ्या सभागृहात कार्यक्रम करू शकता, पण रोजची भाकरी जिथे आहे त्या क्लबात पाऊल टाकायचं नाही. कार्डाच्या शुल्काचे पैसे पोलिसांच्या पेन्शन फंडात जात. वादकाला म्हातारपणी छदाम नाही आणि त्याच्या परवान्यातून हवालदाराची पेन्शन; इतका उघड विनोद एखाद्या वगनाट्यातसुद्धा खपला नसता.

पियानोवादक थेलोनियस मंकचं कार्ड १९५१ मध्ये गेलं. सहा वर्षं त्याला आपल्याच शहरातल्या क्लबांची दारं बंद. १९५७ मध्ये कार्ड परत मिळालं आणि त्याच वर्षी ‘फाइव्ह स्पॉट’ या क्लबात त्याची कित्येक महिन्यांची बैठक लागली. सॅक्सोफोनवर जॉन कोल्ट्रेन, बेसवर आधी विल्बर वेअर, नंतर अहमद अब्दुल-मलिक. रात्रीमागून रात्र त्याच रचना, तीच माणसं, तेच प्रेक्षक परत परत येताहेत. कोल्ट्रेन तिथे काय शिकून बाहेर पडला हे पुढच्या दहा वर्षांच्या जॅझला विचारावं. सहा वर्षांच्या उपासानं हे घडवलं असं म्हणायचं तर म्हणा. मला दिसतं ते एवढंच की परवाना मिळाला, नेमाचं काम मिळालं आणि संगीत झालं.

कायद्याची आणखी एक गंमत बेसवाल्यांच्या पदरात पडली. कॅबरेचा परवाना नसलेल्या जागेत तीनपेक्षा जास्त वादक चालत नसत, आणि तेही पियानो, ऑर्गन, अकॉर्डियन किंवा तंतुवाद्यंच. ड्रम नाही, तोंडानं फुंकायचं काही नाही. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात न्यायालयानं हे मोडीत काढलं, पण तोवर त्यातून एक अख्खी शैली जन्मली होती. युनिव्हर्सिटी प्लेसवरच्या ‘ब्रॅडलीज’मध्ये पियानो आणि बेस असे दोघंच बसत. टॉमी फ्लॅनगन, जिमी रोल्स यांच्यासारखे पियानोवादक, आणि जोडीला जॉर्ज म्राझ, रेड मिचेल. ते नाजूक, बोलल्यासारखं वाजवणं ऐकून आपले जाणकार ‘काय संयम आहे!’ म्हणतात. संयम होताच. त्यावर महापालिकेचा शिक्काही होता. बेसला तारा आहेत म्हणून त्या खोलीत बेसवाल्याला काम मिळालं आणि ड्रमवाला घरी बसला. कलावंताच्या कारकिर्दीची दिशा आत्म्याच्या तळमळीनं ठरते असं मानणाऱ्यांनी शहराचे नियमही थोडे चाळावेत.

पोट भरलं की कला झोपते, हा दावा घेऊ. मिल्ट हिंटन १९१० चा, मिसिसिपीत जन्मलेला, शिकागोत वाढलेला. कॅब कॅलोवेच्या बँडमध्ये १९३६ पासून जवळपास पंधरा वर्षं पगारी बेसवादक. बँड मोडला आणि तो बेकार झाला. न्यूयॉर्कचे स्टुडिओ तेव्हा गोऱ्या वादकांचे. जुन्या ओळखीचा विनोदी नट जॅकी ग्लीसन रस्त्यात भेटला आणि त्यानं आपल्या ध्वनिमुद्रणात हिंटनला घ्यायला लावलं. ते दार उघडलं ते पुन्हा बंद झालं नाही. सकाळी एक सत्र, दुपारी एक, संध्याकाळी एक. आज गायकामागे, उद्या साबणाच्या जाहिरातीत. क्वीन्समध्ये घर घेतलं, संसार केला, नव्वदीपर्यंत जगला. आणि कला झोपली? बिली हॉलिडेच्या ‘लेडी इन सॅटिन’वर तो आहे. जॉर्ज रसेलच्या ‘न्यूयॉर्क, एन. वाय.’मध्ये तो कोल्ट्रेनबरोबर आहे. पंचाहत्तरी उलटल्यावर ब्रॅनफर्ड मार्सेलिस नावाच्या त्याच्या नातवाच्या वयाच्या सॅक्सोफोनवादकाबरोबर ‘ट्रायो जीपी’ तबकडीत त्यानं तारा अशा काही चापटल्या आहेत की ऐकताना खुर्ची सोडून उठावंसं वाटतं. शिवाय फावल्या वेळात सहकाऱ्यांचे फोटो काढत राहिला, साठेक हजार निगेटिव्ह जमल्या. हॉलिडेच्या शेवटच्या ध्वनिमुद्रणातले थकलेले चेहरे आपल्याला त्याच्यामुळे दिसतात. भरल्या पोटीच कॅमेऱ्याला फिल्म घेता येते.

रॉन कार्टरचंही तसंच. तोही चेलोवाला, तोही रंगामुळे बेसकडे वळलेला. ईस्टमन स्कूलमध्ये असताना वाद्यवृंदाचे दिग्दर्शक लिओपोल्ड स्टोकोव्स्की यांनी त्याला सांगितलं की तू चांगला आहेस, पण आमचं मंडळ काळा वादक घेणार नाही. १९६३ ते १९६८ तो माइल्स डेव्हिसच्या प्रसिद्ध पंचकात होता. त्या काळातही अनेक दौऱ्यांवर त्याच्या जागी दुसरा बेसवादक जाई, कारण कार्टरला न्यूयॉर्कमधलं स्टुडिओचं काम सोडायचं नसे. शेवटी त्यानं जगातला बहुधा सगळ्यात नावाजलेला बँड सोडला, तोही सततच्या प्रवासाला कंटाळून, घराजवळच्या कामासाठी. रोमँटिक आख्यायिकेत असा माणूस बसत नाही. २०१५ पर्यंत मोजलेली २,२२१ ध्वनिमुद्रणं, सिटी कॉलेजात वर्षानुवर्षं अध्यापन, स्वच्छ सूट, वेळेवर हजेरी. त्याच्या स्वरात धग नाही असं म्हणणाऱ्यानं त्या पंचकाची कुठलीही तबकडी लावून फक्त बेस ऐकावा.

इथे प्रतिपक्षाचा सगळ्यात मजबूत मुद्दा येतो आणि तो टाळणं बरोबर नाही. मिंगस आणि कार्टर दोघांनाही सिंफनीचं दार बंद झालं, म्हणूनच ते जॅझला मिळाले. म्हणजे अन्याय हाच तर जॅझचा उपकारकर्ता!

याचं उत्तर आर्ट डेव्हिस. हाही बेसवादक, कोल्ट्रेनबरोबर ‘ओले’ आणि ‘असेन्शन’वर वाजवलेला, आणि शास्त्रीय संगीतात तितकाच तयार. न्यूयॉर्क फिलहार्मोनिकनं घेतलं नाही तेव्हा तो गप्प बसला नाही. १९६९ मध्ये त्यानं आणि अर्ल मॅडिसन या चेलोवादकानं शहराच्या मानवी हक्क आयोगाकडे तक्रार केली. तेव्हा त्या वाद्यवृंदात एकच काळा सदस्य होता, व्हायोलिनवादक सॅनफर्ड अ‍ॅलन. डेव्हिसचं म्हणणं साधं होतं: उमेदवाराला पडद्याआड बसवा आणि कानानं निवडा. कायम जागांबाबत आयोगानं त्यांची बाजू मानली नाही. बदली वादक घेताना भेदभाव होतो हे मात्र मानलं. पण तक्रार करणारा माणूस म्हणून डेव्हिसचं नाव झालं आणि काम आटलं. त्यानं पुन्हा अभ्यास सुरू केला, मानसशास्त्रात डॉक्टरेट मिळवली, रुग्ण तपासायला लागला. सत्तरच्या दशकातला बराच काळ त्याचा बेस फारसा ऐकू आला नाही. अमेरिकेतल्या वाद्यवृंदांत पडद्याआडची परीक्षा पुढे रूढ झाली, त्याचा फायदा इतरांना मिळाला. तर हिशेब मांडायचा असेल तर पूर्ण मांडा: बंद दारानं जॅझला मिंगस दिला ही एक बाजू, त्याच दारानं कोल्ट्रेनचा बेसवादक दवाखान्यात बसवला ही दुसरी. आणि दार उघडं असतं तर मिंगसनं काय लिहिलं असतं? चेलो घेऊन बसलेल्या मिंगसची पोकळी कुठल्या खात्यावर धरायची?

उपासाचं कौतुक करणाऱ्यांची खरी गडबड इथेच आहे. जे उपाशी राहून तरले तेवढेच त्यांना ऐकू येतात. बुडालेल्यांची तबकडीच नसते. हेन्री ग्राइम्स अपघातानं सापडला म्हणून आपल्याला कळला. जुलियार्डमध्ये शिकलेला, सॉनी रॉलिन्सबरोबर वाजवलेला, १९५८ च्या न्यूपोर्ट महोत्सवात एका मागोमाग एका बँडला बेस पुरवलेला, मग सेसिल टेलर आणि अल्बर्ट आयलरचा साथीदार. साठच्या दशकाच्या शेवटी तो पश्चिमेकडे गेला. बेस गाडीच्या टपावर बांधलेला. वाळवंटातल्या उन्हानं लाकूड तडकलं. दुरुस्तीला पैसे नव्हते, म्हणून वाद्य दुरुस्त करणाऱ्यालाच विकून टाकलं. त्यानंतर तीस वर्षांहून अधिक काळ लॉस एंजेलिसमध्ये एका खोलीत राहून झाडलोट, मजुरी. त्याला मनाचा आजारही होता, हे खरं. पण त्या तीस वर्षांत जगाला त्याची एक तारही ऐकू आली नाही, हेही खरं. २००२ मध्ये एका चाहत्यानं त्याला शोधून काढलं तेव्हा आयलर १९७० मध्येच वारला हे ग्राइम्सला माहीत नव्हतं. न्यूयॉर्कचा बेसवादक विल्यम पार्कर यानं आपल्याकडचा एक हिरवा बेस त्याला पाठवून दिला आणि पुढच्याच वर्षी हा माणूस न्यूयॉर्कमध्ये व्हिजन महोत्सवात वाजवत होता. पुढे कित्येक वर्षं तो वाजवत राहिला; २०२० मध्ये तो कोविडनं गेला. तीस वर्षांच्या उपासानं जे जमलं नाही ते कुणीतरी फुकट दिलेल्या एका बेसनं काही महिन्यांत केलं.

मुंबईतही निराळं काही घडलं नाही. ताजमहाल हॉटेलात वाजवणाऱ्या चिक चॉकलेटसारख्या गोव्याच्या वादकांचं रात्रीचं काम स्वातंत्र्यानंतर दारूबंदीनं आटत गेलं. ते काही उपाशी राहून थोर होत बसले नाहीत. जिथे रोजच्या सत्राचे रोख पैसे मिळत त्या सिनेमाच्या स्टुडिओंकडे मंडळी वळली. सी. रामचंद्र यांचं संगीत असलेल्या ‘अलबेला’ या चित्रपटातला नाच त्याच पैशांतून उभा राहिला.

शेवटी अनुदान. न्यूयॉर्कच्या ४३ व्या रस्त्यावर ‘मॅनहॅटन प्लाझा’ नावाचे दोन टॉवर आहेत. मध्यमवर्गासाठी बांधले, पण टाइम्स स्क्वेअरच्या तेव्हाच्या बदनाम वस्तीत राहायला कुणी येईना. १९७७ मध्ये सरकारी मदतीनं ते भाड्यानं दिले गेले. सुमारे सत्तर टक्के घरं रंगमंचावरच्या माणसांना, भाडं मिळकतीच्या प्रमाणात. मिळकत नाही तर भाडंही नाममात्र. ग्रेट जोन्स स्ट्रीटवर ज्याचं सामान फुटपाथवर आलं होतं तो मिंगस आयुष्याच्या अखेरीला तिथे राहत होता. स्नायू निकामी करणारा आजार जडलेला, बोटं बेसवर चालेनात. गायिका जॉनी मिचेल त्याला भेटायला येत असे, आणि तो टेपरेकॉर्डरसमोर चाली गुणगुणून ठेवत असे. त्यातून १९७९ ची ‘मिंगस’ ही तबकडी निघाली. ती बाजारात यायच्या आधीच, जानेवारीत, तो मेक्सिकोत गेला. त्या घराचं भाडं सरकारनं उचललं नसतं तर त्या चाली अधिक चांगल्या झाल्या असत्या, असं ज्यांना म्हणायचं असेल त्यांनी ते उघडपणे म्हणावं, आणि कोणत्या चालीत किती सुधारणा झाली असती तेही सांगावं.